पेटी बंद

कॅम्पातल्या शाळेचा पियानो दमटपणानं फुगला होता,
सात पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या,
म्हणून फादरनी मला बोलावलं.
मी वडगावच्या नाटकमंडळीतला पेटीवाला.
इंग्रजी मला बसच्या पाटीपुरतं,
तेही कन्नडच्या खाली लिहिलेलं असलं तर.

"हा आमचा टेनर," फादर म्हणाले.
मला वाटलं, लॉरीचा काहीतरी सुटा भाग.
समोर कायतान मिनेझिस, उद्यमबागेत फाउंड्रीतला मोल्डर,
नखांत काळी वाळू, एक भुवई अर्धी जळलेली,
हातात अजून जेवणाचा डबा.
त्यानं काळी चार मागितली, तोंड उघडलं,
आणि मी भाता मारायचा विसरलो.

ऑपेरा फादरनीच रचलेला, नवाकोरा.
दीपगृहाचा राखणदार. एका रात्री दिवा लागत नाही.
सकाळी किनाऱ्याला फळ्या येतात, आणि एक लहान बूट.
मग गाव त्याच्या पाठीमागं गातं, तोंडावर बोलत नाही.
शेवटी तो जिन्यावर एकटा,
आणि तिथं माझ्या वहीत लाल शाईनं: पेटी बंद.
सात मिनिटं मला काम नाही.

पहिल्या रात्री, कॅम्पात, ते त्यानं रागानं गायलं.
वरचा सूर असा फेकला, की रस साच्याबाहेर उडावा.
पुढच्या रांगेतल्या बाईंनी पदर आवरला.
टाळ्या पडल्या. फादर खूश.
मला वाटलं, असला माणूस दिवा विसरेल कशाला.

दुसऱ्यांदा खानापुरात, चर्चच्या पटांगणात.
शेवटच्या अंकात वीज गेली.
कौलांच्या भट्टीवरून कुणीतरी कंदील आणला,
तो पेटेना.
लोक हसले. कायतान हसला नाही.
काड्या ओढत राहिला, तीन, चार, पाच,
आणि ओढता ओढताच सुरू केलं,
इतकं हळू, की शेजारच्या गोठ्यातली साखळी
त्याच्याहून मोठी वाजत होती.
विसरला नव्हता तर.
लावत होता, लागला नव्हता,
आणि हे सांगायला त्याच्याकडं माणूस नव्हतं.
मी फादरना विचारलं, वहीत असं आहे?
म्हणाले, "नाही. खरं, आता राहू दे."

तिसरा प्रयोग वडगावला, मागांच्या शेडमध्ये.
सूचना मराठीत द्यायची की कन्नडमध्ये,
यावरून दारातच अर्धा तास गेला.
शेवटी कुणीच काही सांगितलं नाही.
समुद्र पाहिलेला तिथं एकही नव्हता.
रुद्राप्पा कोष्टी विचारत होता,
एवढ्या उंचावर बसून हा विणतोय तरी काय?

जिना आला. मी हात काढले.
आणि भात्यात उरलेल्या हवेवर
माझी पेटी आपोआप गळायला लागली.
कोमल निषाद. बारीक, चिकट, किरकिऱ्या पोरासारखा.
भाता दाबावा तर वाढणार, सोडावा तर थांबत नाही.
कायतान गाता गाता थबकला, खाली बघितलं.
मला वाटलं, आता डबा फेकून मारणार.

त्यानं तो सूर उचलला.
फादरनी इंग्रजीत बांधलेलं अख्खं गाणं
वळवत वळवत त्या निषादावर आणून टेकवलं,
काळोखात लांबून बोटीचा भोंगा यावा
आणि कुणीतरी बुडालेलं नाही असं कळावं, तसं.
मग हवा संपली.
तो पुढची ओळ न गाता नुसता उभा राहिला.
लोक रडले असं मी म्हणणार नाही.
बिड्या विझल्या होत्या, एवढं बघितलं.
रुद्राप्पा म्हणाला, "साकु."

चौथा प्रयोग झाला नाही. फादरची बदली झाली,
कायतानच्या छातीत फाउंड्रीची वाळू बसली.
परवा गोवावेसला भेटला,
दहा पावलं चालायचा, खांबाला धरून थांबायचा.
कांद्याचा भाव, पोरीचं सासर, सगळं झाल्यावर म्हणाला,
"भरमाण्णा, एक विचारू?
वडगावला तो सूर तू मुद्दाम सोडला होतास, होय की नाही?"

बस लागली होती, कंडक्टर घाई करत होता.
"मुद्दामच की," मी म्हणालो.